नळाचे पाणी: आजव्यापासून आपल्या माठापर्यंत

पावसाळा आला की बडोद्यातल्या आपल्या घरांमध्ये तेच ते प्रश्न निघतात. नळाला गढूळ पाणी आले, प्यावे का? उकळले की पुरे ना? शेजाऱ्यांनी आरओ बसवला, आपणही घ्यावा का? सभासद कुटुंबांना एका जागी वाचता यावे म्हणून या विषयाची माहिती येथे दिली आहे. उदाहरणे बडोद्याची आहेत. मात्र जेथे पाणी ठरावीक वेळेपुरतेच येते आणि घरोघरी टाकीत साठवले जाते, अशा कोणत्याही गावातल्या आपल्या मंडळींना यातले बहुतेक लागू पडेल.

आधी एक भेद लक्षात घ्यावा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. पाण्यात दोन जातींची घाण असते. एक जिवंत, म्हणजे जंतू. दुसरी विरघळलेली, म्हणजे क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, धातू. काही जंतू एका दिवसातही आजारी पाडू शकतात. क्षार आणि धातू वर्षानुवर्षे शरीरात काम करतात. एकीवरचा उपाय दुसरीला चालत नाही. उकळल्याने फ्लोराइड जात नाही आणि टीडीएसचे मीटर जंतू दाखवत नाही. घरातला पैसा आणि श्रम वाया जातात ते बहुधा या दोहोंची गल्लत झाल्यामुळे.

आपले पाणी येते कोठून

महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजव्याचा तलाव बांधवला आणि तेथून उताराच्या जोरावर नळाने शहरात पाणी आणले. सयाजी सरोवर ते हेच. आपल्या कित्येक घरांतल्या पणज्या त्या आधीच्या, विहिरीवरून कळशा वाहणाऱ्या पिढीतल्या. आजव्याचे पाणी निमेट्याच्या केंद्रात शुद्ध होऊन येते. शहर वाढले तसे महीचे पाणी आले. फाजलपूर, रायका, दोडका, पोइचा येथे नदीपात्रात ज्या विहिरी आहेत त्यांना फ्रेंच वेल म्हणतात. वाळूच्या थराखाली आडव्या जाळीदार नळ्या पसरलेल्या असतात आणि नदीचे पाणी वाळूतून झिरपत विहिरीत उतरते. म्हणजे नदीच अर्धे गाळण्याचे काम करून देते. याशिवाय नर्मदा कालव्याचे पाणीही शहराला मिळते. शहराच्या हद्दीलगतच्या नव्या सोसायट्यांमध्ये मात्र बोअरचे पाणी अजून बरेच वापरात आहे, आणि कित्येक ठिकाणी ते महानगरपालिकेच्या पाण्यात मिसळून येते.

शुद्धीकरण केंद्रात तुरटी घालून गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरातून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. तुरटीच्या आधीच्या काळात आपल्याकडे निवळीचे बी उगाळून पाण्यात घालत. पाणी ‘निवळते’ ते त्याच तत्त्वावर. केंद्रातून निघताना पाणी बहुतेक वेळा चांगले असते. घात होतो तो पुढे.

शेवटचा टप्पा

आपल्याकडे नळ चोवीस तास चालत नाही. दिवसातून एकदा ठरल्या वेळी पाणी येते आणि जाते. उरलेल्या वेळी रस्त्याखालची नळी रिकामी किंवा अर्धी भरलेली असते. नळीत दाब असेल तेव्हा सांध्यातून पाणी बाहेर गळते. दाब गेला की त्याच सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. जुन्या वस्त्यांत पाण्याची नळी आणि गटाराची नळी हातभर अंतराने, कधी एकमेकींना ओलांडून गेलेली असते. मग बाहेरचे पाणी म्हणजे काय, हे सांगायला नको.

त्यात आपणच भर घालतो ती नळाला थेट मोटार लावून. पाणी कमी दाबाने येते म्हणून एका घराने मोटार लावली की त्या गल्लीतल्या नळीत ओढ निर्माण होते आणि मोटार नसलेल्या घरासह सर्वांच्या नळीत आजूबाजूची घाण शिरायला वाट मिळते. नियमानेही हे चालत नाही, पण नियमापेक्षा शेजाऱ्याच्या घरातल्या लहान मुलाचा विचार केला तर मोटार लावणाऱ्याला ते लवकर पटते असे आम्हाला वाटते. नळाचे पाणी आपल्या दाबाने खालच्या टाकीत पडू द्यावे आणि मोटार त्या टाकीवर लावावी.

या शेवटच्या टप्प्यावर आपला एकच राखणदार असतो, तो म्हणजे पाण्यात शिल्लक राहिलेला क्लोरीन. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, सांगते की नळाशी पोहोचलेल्या पाण्यात दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा. तो असेल तर वाटेत शिरलेल्या थोड्या जंतूंचा बंदोबस्त होतो. तो शून्य असेल तर दोन शक्यता आहेत: केंद्रातून कमी पडला, किंवा वाटेत एवढी घाण मिसळली की तिच्याशी लढताना संपला. म्हणून नळाच्या पाण्याला क्लोरीनचा हलका वास आला तर नाक मुरडू नये. उघड्या पातेल्यात तास-दोन तास ठेवले की वास उडून जातो. नेहमी वास येणाऱ्या पाण्याचा वास एके दिवशी अचानक नाहीसा झाला, तर त्या दिवशी मात्र सावध व्हावे. क्लोरीनमुळे पाण्यात काही घातक संयुगे अल्प प्रमाणात तयार होतात हे खरे आहे. पण त्या धास्तीने क्लोरीन नाकारणे म्हणजे पायात काटा मोडेल म्हणून निखाऱ्यावरून चालणे.

पाणी आल्यावर पहिली काही मिनिटांची धार झाडांना, अंगणाला किंवा धुण्याला घ्यावी. नळीत रात्रभर जे साचले ते त्या पहिल्या पाण्यात येते. पाणी काळपट आले, त्याला गटाराचा वास आला किंवा वर फेस दिसला, तर ते टाकीत घेऊच नये, कारण एकदा टाकीत गेले की ती टाकी धुईपर्यंत सुटका नाही. याच्या उलट, स्वच्छ दिसणारे पाणी निर्धोक असतेच असे नाही. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

जंतूंचे आजार

जुलाब, हगवण, पटकी, विषमज्वर, कावीळ, आमांश हे सारे या वाटेने येतात. त्यातली कावीळ आम्ही जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत.

डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. यमुनेतून पाणी घेण्याच्या जागी नजफगड नाल्याचे सांडपाणी मिसळले होते. केंद्रात क्लोरीन वाढवले गेले आणि त्यामुळे विषमज्वर किंवा जुलाब फारसे वाढले नाहीत. तरीही सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गढूळ, मैलामिश्रित पाण्यात क्लोरीन जिवाणूंना मारू शकला, विषाणूला पुरा पडला नाही. पुढे साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून कळले की ही नेहमीची ‘ए’ कावीळ नव्हती. अहमदाबादची १९७५-७६ ची साथही त्याच प्रकारची निघाली. आज आपण तिला हेपटायटिस ई म्हणतो. २०१२ साली इचलकरंजीत जी साथ आली तीही याच काविळीची.

या काविळीची दोन वैशिष्ट्ये घरातल्या सर्वांना ठाऊक असावीत. पहिले, गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती अतिशय घातक ठरते. अशा रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा २० ते २५ पर्यंत गेल्याचे नोंदले आहे. एरवी निरोगी माणसाला हे प्रमाण फार तर एक-दोन टक्के असते. तेव्हा घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर तिचे पिण्याचे पाणी उकळलेलेच हवे, फिल्टर असला तरी. माहेरी, सासरी, डोहाळजेवणाला, लग्नाला, सगळीकडे. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली की तिला त्याच दिवशी इस्पितळात न्यावे. गावठी औषधाच्या मागे लागून दिवस घालवू नयेत.

दुसरे, दूषित पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत काळ जातो. विषमज्वराला एक ते दोन आठवडे लागतात. त्यामुळे आजारी पडल्यावर आपण कालचे बाहेरचे खाणे आठवतो आणि महिन्यामागे गल्लीत फुटलेली नळी विसरून जातो. सोसायटीत दोन-तीन घरांत कावीळ निघाली तर गेल्या दीड महिन्यात पाण्याला केव्हा वास आला होता हे सर्वांनी मिळून आठवावे आणि तशी तक्रार लेखी द्यावी. विषमज्वर आणि ‘ए’ कावीळ यांच्या लसी मिळतात. मुलांच्या डॉक्टरांना विचारावे.

जुलाब सुरू झाले तर जीव जातो तो बहुधा अंगातले पाणी आणि क्षार कमी झाल्यामुळे. ओआरएसची पुडी घरात नेहमी असावी. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहावे. मूल मलूल झाले, लघवी थांबली, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसले किंवा पाणी पोटात ठरेना, तर वाट पाहू नये. घरातल्या वृद्धांनाही हेच लागू आहे. ते तहान लागली म्हणून सांगत नाहीत, एवढाच फरक.

बोअरचे पाणी

बोअरच्या पाण्यात जंतू कमी असतील, पण जमिनीतले क्षार त्यात उतरलेले असतात. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरची कांडी पांढरी होऊन जळते, ही जड पाण्याची लक्षणे. जडपणा २०० मिलिग्रॅमच्या आत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो, असे मानक सांगते. जड पाणी गैरसोयीचे खरे, पण त्याने मुतखडा होतोच ही समजूत पक्की नाही. पाणी कमी पिण्याने तो अधिक होतो.

खरी काळजी फ्लोराइड आणि नायट्रेटची. फ्लोराइड दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, १.५ च्या वर नको. दात तयार होण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, मुलाच्या पोटात जास्त फ्लोराइड गेले तर दातांवर पांढरे, मग तपकिरी डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत. अनेक वर्षे अधिक प्रमाणात गेले तर हाडे आणि सांधे ताठरतात. उत्तर गुजरातेत मेहसाणा, पाटण, बनासकांठा या भागांना याचा जुना अनुभव आहे. नागपूरच्या नीरी या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची पद्धत १९७० च्या दशकात तयार केली. ती ‘नलगोंडा पद्धत’ म्हणून ओळखली जाते, कारण आंध्रातला, आता तेलंगणातला, तो जिल्हा फ्लोराइडने गांजलेला होता.

नायट्रेट येते ते खतांतून आणि शोषखड्ड्यांतून. मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि तिच्यात सूट नाही. मोठ्यांना ते सहसा जाणवत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाच्या रक्तातली प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने घटते आणि बाळ निळसर पडते. येथे उकळणे उलटते: वाफ निघून जाते, नायट्रेट मागे राहते आणि उरलेल्या पाण्यात ते अधिक दाट होते. तेव्हा बाळाचे दूध तपासणी न केलेल्या बोअरच्या पाण्यात कालवू नये.

शिसे हे तिसरे. ते जमिनीपेक्षा जुन्या नळ्या, सांध्यांचे झाळकाम आणि हलक्या प्रतीच्या पितळी तोट्या यांतून उतरते. आपल्याकडे पीव्हीसी नळ्या टिकाऊ करण्यासाठीही शिशाची संयुगे वापरत; ती हटवण्याचे नियम २०२१ साली आले. शिशाचा परिणाम मुलांच्या मेंदूवर होतो आणि तो भरून येत नाही. रात्रभर नळीत थांबलेले पहिले पाणी सोडून देणे आणि स्वयंपाकाला गीझरचे गरम पाणी न घेणे, हे दोन बिनखर्चाचे उपाय.

मिश्र पाणी घेणाऱ्या सोसायट्यांनी एक ध्यानात ठेवावे. क्लोरीन असलेले महापालिकेचे पाणी आणि क्लोरीन नसलेले बोअरचे पाणी एकाच टाकीत गेले की राखणदार निम्मा होतो. पिण्याच्या पाण्याची टाकी आणि नळी वेगळी ठेवणे सर्वांत चांगले.

उकळणे, गाळणे आणि यंत्रे

जंतूंसाठी उकळण्यासारखा उपाय नाही. वीस मिनिटे उकळण्याची जुनी चाल आहे, पण इतका गॅस जाळायची गरज नाही. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. मग झाकून त्याच भांड्यात गार होऊ द्यावे. उकळलेले पाणी न धुतलेल्या माठात ओतले किंवा पेला हातासह आत बुडवला, तर सगळी मेहनत फुकट. माठाला तोटी असावी, नाहीतर लांब दांड्याचे ओगराळे.

आजीचे पाणी गाळण्याचे फडके हास्यास्पद नव्हते. बांगलादेशात झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुनी सुती साडी निदान चार पदरी करून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले, कारण पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात. पण सुटे जिवाणू आणि विषाणू फडक्यातून आरपार जातात. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले काही जिवाणू मरतात हेही प्रयोगांत दिसले आहे. हंडा जरूर वापरावा, गढूळ पाण्याला मात्र त्याच्या भरवशावर सोडू नये.

यूव्ही यंत्र जंतू निकामी करते, पण पाणी नितळ असेल तरच. गढूळ पाण्यात किरण पोहोचत नाहीत. आरओ क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, धातू काढतो. त्यासाठी एक लिटर शुद्ध पाण्यामागे घरगुती यंत्रात बहुधा दोन-तीन लिटर वाया जाते. ते निदान फरशीला आणि बाथरूमला वापरावे. नदी-तलावाच्या पाण्याचा टीडीएस बहुधा ५०० च्या आत असतो, आणि तेवढ्या पाण्याला आरओची गरज नाही. गाळणी आणि यूव्ही किंवा उकळणे पुरते. बोअरचे पाणी असेल तर आधी तपासणी, मग खरेदी. आरओतून आलेल्या पाण्यात क्लोरीन नसतो. यंत्राच्या टाकीत ते चार दिवस पडून राहिले, उदाहरणार्थ आपण गावाला गेलो असता, तर परत आल्यावर ते काढून टाकावे.

दारावर येणाऱ्या विक्रेत्यांचा एक खेळ सांगून ठेवतो. दोन पेल्यांत, एकात नळाचे आणि एकात आरओचे पाणी घेऊन ते त्यात धातूच्या कांड्या सोडतात आणि वीज चालू करतात. नळाच्या पाण्यात तपकिरी गाळ उठतो, आरओच्या पाण्यात नाही. घरातली मंडळी घाबरतात. तो गाळ पाण्यातला नसतो, त्या लोखंडी कांडीचा गंज असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून कांडी झिजते; आरओच्या पाण्यातून ती वाहत नाही, एवढेच. आरओच्या त्याच पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगावे.

टाकी, संप आणि पूर

वरची आणि जमिनीखालची टाकी वर्षातून दोनदा धुवावी, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा दिवाळीच्या सफाईत. गाळ काढून भिंती घासाव्यात. मग टाकी भरून दर हजार लिटरला १५० ते २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर आधी बादलीत कालवून, वरचे निवळ पाणी टाकीत घालावे. ते रात्रभर ठेवून सकाळी सर्व नळांतून सोडून द्यावे आणि टाकी पुन्हा भरावी. हे पाणी पिऊ नये. रोजच्या पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाण अगदी वेगळे आहे: हजार लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर आणि अर्धा तास थांबणे. उघडी राहिलेली पावडर काही आठवड्यांत निर्जीव होते, म्हणून लहान पाकीट घ्यावे. पावडरमध्ये ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. बंद संपात माणूस एकट्याने उतरवू नये. झाकण आधी बराच वेळ उघडे ठेवावे आणि वर एक जण उभा असावा.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा कित्येक सोसायट्यांचे संप पुराच्या पाण्याखाली गेले. पूर ओसरल्यावर वीज आली की मोटार चालू करण्याची घाई होते आणि संपातले तेच पाणी वरच्या टाकीत चढते. तसे करू नये. संप पूर्ण उपसून, धुऊन, वर सांगितलेली पावडर घालून झाल्याशिवाय मोटारीला हात लावू नये. तोवर पिण्याला बाटलीचे किंवा उकळलेले टँकरचे पाणी घ्यावे. संपाचे झाकण जमिनीपासून हातभर उंच बांधून घेतले तर पुढच्या वेळी निदान गुडघाभर पाण्यात तरी तो वाचेल.

तपासणी कशी करावी

घरच्या घरी दोन गोष्टी करता येतात. क्लोरीनची छोटी पेटी मिळते. नमुन्यात थेंब किंवा गोळी टाकली की रंग येतो आणि तो तक्त्याशी ताडून प्रमाण कळते. ऑर्थोटॉलिडीनचा रंग पिवळा, डीपीडीचा गुलाबी. त्यातली डीपीडी अधिक भरवशाची. तपासलेले पाणी फेकून द्यावे. दुसरी एचटूएस कुपी. ही पद्धत भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ साली मांडली. कुपीत खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायचे. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर मैलाचा संशय धरावा. बोअरच्या पाण्यात कधी इतर कारणांनीही काळेपणा येतो, म्हणून शेवटचा निर्णय प्रयोगशाळेचा.

प्रयोगशाळेत जंतूंच्या आणि क्षारांच्या तपासणीसाठी वेगवेगळे नमुने लागतात. जंतूंसाठीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. तिच्यात क्लोरीन मारणारे रसायन आधीच घातलेले असते, म्हणून ती विसळू नये. नळाची तोटी पुसून, धातूची असल्यास ज्योतीने तापवून, दोन-तीन मिनिटे पाणी सोडावे आणि मग बाटली भरावी. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये. बाटली बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत, उशिरात उशिरा २४ तासांत पोहोचवावी. अहवालात ई. कोलाय या शब्दापुढे १०० मिलिलिटरमध्ये एकही नाही असेच यायला हवे. नमुने दोन घ्यावेत, एक रस्त्यावरून येणाऱ्या थेट नळाचा आणि एक वरच्या टाकीतून येणाऱ्या नळाचा. पहिला चांगला आणि दुसरा वाईट निघाला तर तक्रार महापालिकेकडे नव्हे, सोसायटीच्या चिटणीसाकडे न्यायची.